डाव्या चाकाची डमी

मी बावीस वर्षं पोरांना मोटारी खोलायला आणि जोडायला शिकवल्या, पण माझ्या दारात कधी मोटार उभी राहिली नाही. सायकलनं जायचो, सायकलनं यायचो. "मोटारीचे मास्तर आणि सायकलवर!" म्हणून शेजारचे हसायचे. हसू देत. त्या सायकलचे ब्रेक मी दर रविवारी स्वतः तपासायचो आणि ते शेवटपर्यंत चोख होते. दुसऱ्यांच्या ब्रेकबद्दल मला तसं म्हणता येत नाही, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

आमच्या संस्थेचं नाव लिहीत नाही. नागपुरातल्या एका शिक्षणमंडळानं काढलेला तो तंत्रविभाग होता. मॅट्रिकला गटांगळी खाल्लेली, नाहीतर मॅट्रिक होऊनही घरी पुढे शिकवायची ताकद नसलेली खेड्यापाड्यांतली पोरं आमच्याकडे यायची. दोन वर्षांत त्यांचा मेकॅनिक करायचा, असं आमच्या माहितीपत्रकात छापलेलं असायचं. त्यासाठी आमच्याकडे टिनाच्या छपराची एक शेड, लोखंड घट्ट पकडायचे दोन व्हाइस, एक अर्धं कापून आतलं दाखवणारं इंजिन आणि लष्कराच्या लिलावातून आलेली एक जीप होती.

ती जीप लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. मी लागलो तेव्हा उभी होती, निवृत्त झालो तेव्हाही उभीच होती. तिची चाकं जमिनीला टेकलेली मी पाहिली नाहीत. दर वर्षी नवी तुकडी यायची, तिचं इंजिन उतरवायची, खोलायची, पुसायची आणि परत बसवायची. नटबोल्ट इतके गुळगुळीत झाले होते की पाना न लावता बोटांनी फिरायचे. त्यामुळे व्हायचं काय, की आमच्याकडून पास झालेला पोरगा डोळे मिटून ते इंजिन खोलायचा आणि बाहेरच्या गॅरेजात पहिला गंजलेला नट दिसला की रडकुंडीला यायचा. गॅरेजवाले आमच्या पोरांना 'कागदी मेकॅनिक' म्हणायचे. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एक सरकारी साहेब तेवढे आमच्याकडे खरी, चालती गाडी आणायचे. "पोरांना सराव व्हायला हवा हो," असं म्हणून आपली जुनी मोटार दर दोन-तीन महिन्यांनी फुकटात दुरुस्त करून न्यायचे. एकदा पोरांनी तिचा गिअरबॉक्स जोडला आणि चार नट उरले. कुठले ते कोणालाच सांगता येईना, आणि साहेब तर बाहेर चहा पिऊन घड्याळ पाहत उभे. मी नट खिशात टाकले आणि गाडी देऊन टाकली. साहेब वर्षभर सांगत होते, की गाडी आता पूर्वीपेक्षा हलकी चालते. हा किस्सा मी नंतर प्रत्येक तुकडीला सांगितला आणि प्रत्येक तुकडी पोट धरून हसली. मला पोरांना हसवायला आवडायचं. वर्गात हशा झाला की शिकवलेलं पोचलं, असं मी धरून चालायचो.

कागदी मेकॅनिक हा शब्द पुसून काढायचा म्हणून मी एक नवं काढलं. अभ्यासक्रम संपला की शेवटच्या महिन्यातल्या शनिवारी 'पुस्तकाबाहेरचा तास'. रस्त्यावर गाडी अडली, जवळ सामान नाही, तर काय करायचं ते या तासाला सांगायचो. पेट्रोलची टाकी गळत असेल तर अंगाचा साबण कसा घासायचा, पंख्याचा पट्टा तुटला तर दोरीवर किती मैल काढायचे, असलं. हे सगळं मी संस्थेत येण्याआधी घाट रोडवरच्या एका गॅरेजात उस्तादाकडून शिकलो होतो. करीमचाचा त्यांचं नाव. त्यांचा हात धरणारा मेकॅनिक मी नागपुरात पाहिला नाही.

त्यांचीच एक युक्ती म्हणजे डमी. मोटारीशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो. ब्रेकवर पाय दिला की तेल बारीक नळ्यांमधून चारही चाकांकडे ढकललं जातं. प्रत्येक चाकात एक छोटा सिलिंडर असतो. तेलाच्या दाबानं तो दोन अर्धगोल पट्ट्या बाहेर रेटतो. त्यांना शू म्हणतात. शू चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासतात आणि गाडी थांबते. आता यातला एक सिलिंडर गळायला लागला, तर सगळं तेल तिथून निघून जातं आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. अशा वेळी त्या एका चाकाची नळी सोडवायची, तोंडात बेअरिंगचा छर्रा बसवायचा आणि वरून नट आवळायचा. ही डमी. त्या चाकाला ब्रेक राहत नाही, बाकीच्या तीन चाकांना मिळतो.

पण पुढचं डावं चाक असं बंद केलं, तर ब्रेक मारल्यावर पुढचं उजवं एकटंच धरतं आणि गाडी उजवीकडे ओढते. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर. म्हणून चाचा डावीकडे डमी टाकली की उजव्या चाकाचे शू ढिले करायचे. मग ते उशिरा आणि थोडंसंच धरतं, मागची दोन चाकं काम करतात आणि गाडी सरळ थांबते. थांबायला लांब जाते, पण सरळ थांबते.

आणि मग चाचा एक लाल चिंधी घ्यायचे आणि स्टिअरिंगला गाठ मारून बांधायचे. "जब तक यह बँधी है, गाड़ी लंगड़ी है. घर तक जाओ, धीरे जाओ," असं ड्रायव्हरला सांगायचे. चिंधी ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, आणि तीही नवा सिलिंडर बसवून डमी काढल्यावर. एका ड्रायव्हरनं ती मधेच सोडून फेकली होती. चाचांनी भर रस्त्यात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि परत त्याच्या गाडीला हात लावला नाही.

संस्थेत पहिली एक-दोन वर्षं मी चिंधीचंही सांगितलं. पोरं हसली. ठोकळ्यांवरच्या जीपला चिंधी बांधायची, म्हणजे हसण्यासारखंच ते. पुढे पुढे मी ते सांगणं सोडून दिलं. नट, छर्रा, शू हे शिकवण्यासारखं वाटायचं. चिंधी म्हणजे म्हाताऱ्याची सवय, एवढंच वाटायचं मला.

प्रल्हाद आमच्याकडे आला तो ऐंशी सालानंतर. कुहीच्या पलीकडच्या एका खेड्यातला, घरी धानाची थोडी शेती. अंगानं किरकोळ, बोलणं कमी. त्याची वही मात्र मी सगळ्या वर्गाला दाखवायचो. अक्षर मोत्यासारखं आणि आकृती छापल्यासारखी. मी जे बोलेन ते सगळं तो उतरवून घ्यायचा. विनोद केला तर तोही लिहील की काय असं वाटायचं. त्याला प्रत्येक गोष्टीचं माप लागायचं.

डमीच्या तासाला त्यानं हात वर केला. "सर, उजवी बाजू किती ढिली कराची?"

"हातानं चाक फिरवून बघायचं. शू ड्रमला लागतो-न लागतो असं वाटलं की थांबायचं."

"म्हंजे नेमकं किती जी?"

"अरे राजा, पंगतीच्या वरणात मीठ किती टाकायचं हे आचाऱ्याला विचारतोस का?"

वर्ग हसला. तोही हसला आणि खाली मान घालून त्यानं वहीत लिहिलं. पुढच्या आठवड्यात वह्या तपासायला आल्या. त्या पानावर डमीची सुरेख आकृती होती, छर्रा, नट, नळी, सगळ्यांना बाण काढून नावं. खाली 'उजवी बाजू अंदाजे ढिली करणे' असं लिहिलेलं. मी लाल शाईनं 'तपासले. आकृती उत्तम' असा शेरा मारला आणि सही ठोकली.

त्याच वर्षी हिवाळ्यात, म्हणजे या तासाच्या चार-पाच महिने आधी, रामदासपेठेतल्या एका सभागृहात आम्हा मास्तरांसाठी चार दिवसांचा वर्ग झाला होता. परदेशी तंत्राच्या नव्या हलक्या गाड्या बाजारात येऊ घातल्या होत्या, त्यांची माहिती द्यायला. शिकवायला आलेला इंजिनिअर माझ्या मुलाच्या वयाचा. मी शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी ब्रेक निघाले. तो म्हणाला, "या गाडीचे शू झिजतील तसे आपोआप ड्रमच्या जवळ येतात. ब्रेक मारला की आतली दातेरी चकती जरूर असेल तसा एकेक दात पुढे सरकते. ढिलं-घट्ट करण्यासाठी मेकॅनिकला हात घालावा लागत नाही."

मी उभा राहिलो. "मग मेकॅनिकनं काय करायचं? चाकाला हळदकुंकू वाहायचं?"

सभागृह खदखदून हसलं. पोरगा बिचारा कानापर्यंत लाल झाला. शेवटच्या दिवशी त्यानं प्रत्येकाला एक पुस्तिका दिली. मी ती आणून शाळेच्या कपाटात टाकली. दुसऱ्या दिवशी वर्गावर जाऊन हळदकुंकवाचा विनोद मात्र रंगवून सांगितला, प्रल्हादच्याच तुकडीला. चकतीचं सांगितलं नाही. दाखवायला नवी गाडी कुठे होती आमच्याकडे?

प्रल्हाद पहिल्या वर्गात पास झाला आणि नागपुरातल्याच एका गॅरेजात लागला. दिवाळीला पेढे घेऊन भेटायला आला होता. "गॅरेजवाले कागदी मेकॅनिक म्हनत नाईत न रे तुले?" मी विचारलं. "पयले म्हनत होते जी, आता नाई म्हनत," तो म्हणाला. माझी छाती फुगली.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. उमरेडच्या पुढे एक प्रवासी गाडी समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळली आणि ड्रायव्हर धरून तीन माणसं गेली, अशी बातमी पेपरात आली. मी ती वाचली आणि पान उलटलं. दोन दिवसांनी आमचे वेल्डिंगचे मास्तर म्हणाले, "तुमचा तो वहीवाला पोरगा पकडला हो."

हकीकत अशी होती. ती नव्या तंत्राची हलकी प्रवासी गाडी होती. नागपूर ते भिवापूर माणसं वाहायची. पुढच्या डाव्या चाकाचा सिलिंडर गळायला लागला. नवा सिलिंडर नागपुरात मिळेना, तो मुंबईहून यायला आठवडा लागणार. मालक गाडी आठवडाभर उभी ठेवायला तयार नव्हता. प्रल्हादनं डमी टाकली. उजवी बाजू ढिली केली. स्वतः गाडी चालवून पाहिली, सरळ थांबली. सिलिंडर आला की बसवून देतो म्हणाला. गाडी त्या दिवशी गेली, आली, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी उमरेडच्या पुढे आडव्या रस्त्यावरून बैलगाडी वर आली, ड्रायव्हरनं जोरात ब्रेक मारला आणि गाडी कोणी कान धरून ओढावी तशी उजवीकडे वळली. समोर ट्रक होता.

मालकानं हात झटकले. मेकॅनिकनं परस्पर केलं, मला काही सांगितलं नाही, असं त्यानं लिहून दिलं. गाडी तपासणारे निरीक्षक माझ्या तोंडओळखीचे होते. त्यांना बाजारात गाठून मी विचारलं.

"डावीकडे छर्रा, आणि उजवे शू ड्रमला चिकटलेले," ते म्हणाले. "तो पोरगा म्हणतो मी उजवी बाजू ढिली केली होती. साफ खोटं. ढिली केली असती तर घट्ट कशी सापडली असती?"

मी भाजीची पिशवी घेऊन तिथंच उभा राहिलो. घरी न जाता शाळेत गेलो, कपाट उघडलं, पुस्तिका काढली. अकराव्या पानावर चकतीचं चित्र होतं. खाली काळ्या चौकटीत लिहिलेलं होतं, की कोणत्याही चाकाची नळी बंद करून गाडी चालवू नये. प्रल्हादनं उजवी बाजू ढिली केली होती. गाडीनं ती दोन दिवसांत, प्रत्येक ब्रेकला एकेक दात, परत घट्ट करून घेतली होती. चालवून पाहताना सरळ थांबणारी गाडी दुसऱ्या दिवशी उजवीकडे का ओढली, हे नागपुरात त्या घडीला कदाचित मला एकट्याला कळलेलं होतं. पोरगा खरं बोलत होता आणि ते सिद्ध करणारं पान माझ्या हातात होतं.

पुढच्या आठवड्यात प्रल्हादचे वडील घरी आले. सीतारामजी. धोतर, डोक्याला फडकं, हातात कापडी पिशवी. खुर्चीवर बसा म्हटलं तरी उंबऱ्याजवळ खालीच बसले. प्रल्हादला अजून जामीन झालेला नव्हता.

"मास्तरसाहेब, पोट्ट्यानं हे वही धाडली," पिशवीतून त्यांनी ती काढली. "वकीलसाहेब म्हनत होते का मास्तरले दाखवा, सही त्याईचीच हाये का नाई थे पुसा. त्याईनं येऊन कोर्टात सांगतलं का आमीच शिकवलं, त पोट्ट्याची सजा कमी होईन म्हनते. आमाले काई लिवता-वाचता येत नाई जी."

मी पान उघडलं. माझी लाल सही.

"पोट्टा खोटं बोलत नाई," ते म्हणाले. "ढिली केली म्हनते, त केलीच असन. निरीक्षकसाहेब त्याले लबाड म्हनून राहिले. मेले त्याईच्या जीवाचं दुःख हायेच जी, पन लबाड काहून म्हनावं त्याले?"

त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, की सीतारामजी, सही माझी आहे आणि पोरगा खरं बोलतो आहे. मी म्हणालो, "वही ठेवून जा. मी नीट वाचून बघतो."

"ठेवतो न जी. तुमच्याजवळ राहिली का आमाले फिकीर नाई." त्यांनी वही कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना भेटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ही पद्धत अभ्यासक्रमात आहे?"

"नाही."

"मग संस्थेनं ती शिकवलेली नाही. तीन माणसं मेली आहेत, मास्तर. उगाच अंगावर ओढून घेऊ नका." मग म्हणाले, "विभागप्रमुखाचा प्रस्ताव गेला आहे तुमचा. माहीत आहे ना?"

माहीत होतं. पण सगळं प्राचार्यांवर ढकलून मी मोकळा होणार नाही. त्यांनी मला पळवाट दाखवली, चाललो मी स्वतःच्या पायांनी. मला भीती नोकरीची होतीच. त्याहून जास्त भीती होती ती रामदासपेठेतल्या त्या सभागृहाची. तुम्हाला हे आधी सांगितलं होतं का, असं कोणी विचारलं असतं, तर तिथं बसलेले चाळीस मास्तर साक्षीला होते. माझा विनोद त्या सगळ्यांच्या लक्षात असणार.

कोर्टात मला बोलावलं ते प्रशिक्षणात काय शिकवतात ते सांगायला. प्रल्हाद समोर उभा होता. त्यानं मला पाहून नमस्कार केला. सीतारामजी मागच्या बाकावर होते आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे टक लावून पाहत होते. पिशवीत माझा डबा होता.

सरकारी वकिलांनी विचारलं, "नळीत छर्रा घालून चाक बंद करण्याची पद्धत तुमच्या अभ्यासक्रमात आहे का?"

"नाही."

मग प्रल्हादचे वकील उठले. थकलेले, वयस्कर गृहस्थ होते. "अभ्यासक्रमात नसेल. तुम्ही तोंडी शिकवली का?"

"आठवत नाही."

"आरोपीच्या वडिलांनी तुमच्याकडे एक वही आणून दिली आहे?"

"वह्या पुष्कळ येतात. शोधावी लागेल."

वकिलांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ते खाली बसले. वही माझ्या घरी लोखंडी कपाटात, कपड्यांच्या खाली होती. प्रल्हादला बोलायची परवानगी मिळाली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मी ढिली केली होती साहेब. देवाशपथ केली होती." बाकी त्यानं माझं नावही घेतलं नाही.

त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. बाहेर पडताना सीतारामजी माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता शिव्या देतील. ते म्हणाले, "वही गवसली नाई काय जी?" मी 'नाही' म्हणून मान हलवली. "गवसन," ते म्हणाले. "घरातच कुठी असन." आणि चपला शोधायला वाकले. तो माणूस मला धीर देत होता.

मी विभागप्रमुख झालो. पुस्तकाबाहेरचा तास बंद केला. पुस्तिकेतलं अकरावं पान फळ्यावर काढून दर तुकडीला शिकवलं, कोणी हसलं तर वर्गाबाहेर काढलं. पोरं म्हणायची, सर पूर्वी असे नव्हते. खरंच नव्हतो.

निवृत्तीनंतरच्या वर्षी मिरचीच्या हंगामात मी वर्षाचं तिखट घ्यायला एसटीनं भिवापूरला गेलो होतो. बाजाराच्या कडेला पाण्याच्या इंजिनांची दुरुस्ती करणारं एक दुकान होतं. आत पाठमोरा माणूस काम करत होता. पाना धरण्याची पद्धत मीच शिकवलेली, त्यामुळे चेहरा पाहायची गरज पडली नाही. निघून जावं म्हणून मी वळलो, तेवढ्यात त्यानं हाक मारली.

"सर! या न जी."

त्यानं पुसून स्टूल दिलं, चहा सांगितला. वडील वारले होते. लग्न झालं होतं, मुलगी दोन वर्षांची. "मोटारगाडीले हात नाई लावत आता," तो म्हणाला. "इंजिनच बरं. उभं राह्यते एका जागी." माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग हातातलं फडकं घडी करत म्हणाला, "सर, एक पुसू काय?"

"विचार."

"मी उजवी ढिली केली होती. तुमी सांगतली तशीच, अंदाजानं. सारे म्हनतात खोटं हाये. जेलमंदी मी रोज तोच इचार करू, का मीच भुललो का काय. माहा हात चुकला असन त सांगा. मंग ते टाइट कशी झाली जी?"

इतकी वर्षं त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. चकती, दात, प्रत्येक ब्रेकला घट्ट होत जाणं, सगळं. दुकानातला एक तुटका ड्रम घेऊन दाखवलं. तो शिकायला बसल्यासारखा ऐकत होता. झाल्यावर म्हणाला, "म्हंजे म्या बरोबरच केली होती."

"हो. तू बरोबर केली होतीस."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यावर मी उठलो असतो तर बरं झालं असतं. पण मला त्याच्यासमोर आणखी खोटं बोलवेना, म्हणून मी करीमचाचांच्या चिंधीचंही सांगितलं.

 "चिंधीचं तुमी सांगतलंच नाई जी," तो म्हणाला. "सांगतलं असतं त मी बांधली असती. तुमी सांगतलं थे सारं केलं मी." मग त्यानं विचारलं, "हे चकतीचं तुमाले कवा माहीत झालं, सर?"

"तुझी वही तपासली त्याच्या आधी."

त्यानं फडकं खाली ठेवलं. रागावला नाही. रागावला असता तर मला सोसलं असतं. चहा आला, त्यानं माझा कप माझ्याकडे सरकवला आणि आपला तसाच ठेवला. मी निघालो तेव्हा तो दुकानाच्या पायरीपर्यंत आला.

"माही वही तुमच्याजवळच हाये न?"

"आहे."

"धाडून द्याजा. पोरगी मोठी झाली का तिले दाखवीन. बापाचं अक्षर चांगलं होतं म्हनून."

घरी येऊन मी कपाटातून वही काढली. ते पान उघडलं, लाल शाईचा पेन घेतला आणि माझ्या जुन्या सहीखाली लिहिलं: 'उजवी बाजू प्रल्हादने ढिली केली होती. ती गाडीने आपोआप घट्ट करून घेतली. असे होते हे मला ही आकृती तपासण्यापूर्वी सांगण्यात आले होते. मी ते शिकवले नाही.' खाली सही केली आणि वही रजिस्टर पोस्टानं भिवापूरला पाठवली. पंधरा दिवसांनी पोचपावती आली. तिच्यावर त्याची सही होती, त्याच जुन्या वळणाची. दुसरं काही नव्हतं.

पण ते पान आता त्याच्या घरात आहे, आणि त्याला लबाड म्हणणारे नागपुरात आहेत, उमरेडला आहेत, भिवापुरात आहेत. म्हणून हे इथं छापायला दिलं आहे. त्या वयस्कर वकिलांनी मला दोन प्रश्न विचारले होते. त्यांची उत्तरं अशी: हो, डमी मी तोंडी शिकवली होती. आणि वही माझ्या कपाटात होती.